फेब्रुवारीतला कप आणि सप्टेंबरातला कप

प्रश्न थोडक्यात असा होता (फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि एएफएल ही त्याची सर्वोच्च लीग): "मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका फुटी क्लबच्या कमिटीवर यंदा माझी वर्णी लागली आहे. आसपासचे सहा क्लब मिळून हंगामाआधी, मार्चमध्ये, एक बाद फेरीचा कप खेळवायचा विचार आहे, एएफएलच्या जुन्या एनएबी कपासारखा. पण क्लबात दोन तट पडलेत. एक म्हणतो, झकास. दुसरा म्हणतो, त्या कपाला साडेसाती होती, जिंकणाऱ्याचा हंगाम हमखास बुडायचा, म्हणूनच तर एएफएलने तो बंद केला. खरं काय? आणि जुन्या स्कोअरकार्डांवर दोनाऐवजी तीन आकडे का दिसतात? तोही नियम आपण घ्यावा का?"

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे उत्तर किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फिजिओ आहे, मूळचा सांगलीचा. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी उपनगरातले फुटी क्लब, असं माझं गेली वीसेक वर्षं चाललंय. कोचच्या फळ्यावरचे बाण मला अजून नीट कळत नाहीत. पण फेब्रुवारीत कोण लंगडत येतो आणि एप्रिलमध्ये कोण खेळायला उरतो, हे मी जवळून पाहिलंय. तेव्हा हे उत्तर मालिशच्या टेबलावरून दिलेलं आहे असं समजा.

तुमचा प्रश्न "नॉकआउट चांगली की वाईट" असा दिसतो, पण खरा तिढा वेगळा आहे. मार्चमध्ये तुम्हाला विजेता हवाय की सामने हवेत? बाद फेरी विजेता फार चोख देते. सामने मात्र ती कंजूषपणे आणि उलटेपालटे वाटते. एएफएलला हे पुरतं उमगायला सव्वीस वर्षं लागली.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या जुन्या सदस्यांचं अर्धं भांडण त्यातच आहे. हंगामाबाहेरचा, दिव्यांच्या उजेडातला कप ही कल्पना १९५६ सालची. तेव्हा एएफएल ही फक्त व्हिक्टोरिया राज्याची लीग होती, व्हीएफएल, बारा संघांची. पहिले चार फायनल्समध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांत जायचे आणि उरलेले आठ साउथ मेलबर्नच्या लेक ओव्हलवर रात्री आपसात खेळायचे. म्हणजे ती नापासांची परीक्षा होती, पण लोक यायचे. १९७१ नंतर ती बंद पडली. १९७७ पासून वेव्हर्लीच्या व्हीएफएल पार्कवर रात्रीची स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तीही मुख्य हंगाम चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी. शनिवारी खेळून थकलेले पाय घेऊन मंगळवारी पुन्हा मैदानात! १९८८ मध्ये लीगने ती उचलून हंगामाच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवली. तुमचे लोक ज्याला 'एनएबी कप' म्हणतात तो हाच. नाव मात्र प्रायोजकाप्रमाणे बदलत गेलं: आधी पॅनासोनिक, मग फॉस्टर्स बिअर, मग अॅन्सेट विमान कंपनी. अॅन्सेट २००१ मध्ये कोसळली, तेव्हा गृहकर्जवाली विझार्ड आली आणि २००६ पासून एनएबी ही बँक. कपाच्या नावांवरून ऑस्ट्रेलियात त्या त्या काळी कोणाकडे पैसा होता याचा अंदाज येतो. १९९२ पासून अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला हॉथॉर्नच्या मायकल टकच्या नावाचं पदक मिळू लागलं. टक ४२६ सामने खेळलेला माणूस, त्यामुळे नावाला वजन होतं. कपाला तेवढं कधीच नव्हतं.

आता साडेसातीकडे. १९८८ ते २०१३ हा कप सव्वीस वेळा खेळला गेला. कप जिंकणाऱ्यानेच त्याच वर्षी सप्टेंबरात प्रीमियरशिप, म्हणजे मुख्य हंगामाचं विजेतेपदही जिंकलं, असं पाचदाच घडलं: हॉथॉर्न १९८८ आणि १९९१ मध्ये, एसेन्डन १९९३ आणि २००० मध्ये, आणि जिलाँग २००९ मध्ये. सव्वीसात पाच म्हटलं की लोक लगेच मान हलवतात, "बघा, एकवीस वेळा बुडाले." पण हिशेब असा करायचा नसतो. या काळात लीगमध्ये चौदापासून अठरापर्यंत संघ होते. कप आणि प्रीमियरशिप यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसता, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर दोन्ही एकाच संघाकडे जाण्याचा योग सव्वीस वर्षांत दीड-दोनदा आला असता. प्रत्यक्षात पाचदा आला. म्हणजे कप जिंकणारा संघ सरासरीपेक्षा बराच पुढे जात होता. शाप वगैरे काही नव्हता. एसेन्डनने २००० मध्ये हा कप घेतला आणि नंतर अख्ख्या हंगामात, फायनल्स धरून, एकच सामना हरला. याला साडेसाती म्हणत असतील तर ती मलाही लागू दे.

मग ही समजूत आली कुठून? कार्लटनमुळे. त्यांनी २००५ मध्ये कप जिंकला आणि हंगामात सोळावे, म्हणजे शेवटचे आले. २००७ मध्ये पुन्हा कप जिंकला, हंगामात सामने मात्र चारच जिंकले, शेवटचे अकरा ओळीने हरले आणि मधेच कोच डेनिस पेगन यांना जावं लागलं. अशा गोष्टी माणूस विसरत नाही. तुमच्या ऑफिसात कार्लटनचा कोणी असेल तर हा विषय जेवणाच्या सुट्टीत काढू नका.

उलट उदाहरण फार कोणी सांगत नाही. २००१ चा अंतिम सामना पोर्ट अॅडलेडने जिंकला, ब्रिस्बेनचा पार चुराडा केला. त्याच ब्रिस्बेनने सप्टेंबरात एसेन्डनला हरवून प्रीमियरशिप नेली, आणि पुढची दोन वर्षंही नेली. मार्चमध्ये त्यांना पाहून कोणी पैज लावली नसती.

याचा अर्थ मी असा लावतो: फेब्रुवारीत मैदानावर उतरलेले दोन संघ एकच परीक्षा देत नसतात. एका कोचला बघायचं असतं की नवीन रकमन, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू, अख्ख्या वर्षात टिकेल का. दुसऱ्याला चार पोरांपैकी दोन निवडायची असतात. तिसऱ्याच्या डोक्यावर गेल्या वर्षीचं अपयश असतं आणि त्याला सभासदांना दाखवायला काहीतरी चकचकीत हवं असतं. यातला तिसरा जीव तोडून खेळतो, पहिला आपला अव्वल खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये बर्फ लावून बसवून ठेवतो. फळ्यावर दोघांचे गुण शेजारी शेजारी लागतात, पण ते एकाच मापाने मोजलेले नसतात. चांगल्या संघाकडे बाकावरची माणसंही चांगली असतात म्हणून तो थोडा जास्त वेळा जिंकतो. सव्वीसात पाच त्यामुळे, असा माझा तर्क.

आता माझ्या अखत्यारीतला भाग. सोळा संघांची सरळ बाद फेरी घ्या. एकूण सामने पंधरा. आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. चार संघांना दोन मिळतात, दोघांना तीन आणि दोघांनाच चार. ज्याची तयारी कच्ची आहे, म्हणजे ज्याला सामन्यांची सगळ्यात जास्त गरज आहे, तो पहिल्याच शनिवारी बाहेर. जो तयार आहे त्याच्या पायांवर ओळीने चार आठवडे भार, तोही हंगामाच्या तोंडावर. एएफएलने हरलेल्यांसाठी मग गावोगावी सराव सामने भरवले. चांगला उपाय होता, पण म्हणजे मूळ स्पर्धेने जे द्यायला हवं होतं ते वेगळ्या खिडकीवर द्यायला लागलं.

स्नायूला किती भार आला यापेक्षा तो किती अचानक आला याने जास्त फरक पडतो. व्यावसायिक मिडफिल्डर एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर पळतो आणि त्याला काही होत नाही, कारण नोव्हेंबरपासून त्याचा आठवडा पायरीपायरीने चढवत आणलेला असतो. तुमच्या क्लबातला इलेक्ट्रिशियन नाताळात तीन आठवडे समुद्रावर होता. त्याला तुम्ही पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक आत्ता देऊ शकलात तर मी त्याची चढण आखून देतो. बाद फेरीत नेमकं तेच सांगता येत नाही. शनिवारी जिंकलात तर बुधवारी सामना, हरलात तर पुढचे पंधरा दिवस नुसतं ट्रेनिंग. दोन्हीसाठी एकाच वेळी शरीर तयार ठेवायचं म्हणजे पाहुणे चार येणार की चाळीस हे न सांगता स्वयंपाक करायला लावणं.

एक प्रसंग सांगतो. साल आणि क्लब सांगत नाही. अशीच चार क्लबांची नॉकआउट, शनिवारी सेमी, बुधवारी रात्री फायनल. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, सुतारकाम शिकणारा, वाऱ्यासारखा पळायचा. तिसऱ्या क्वार्टरनंतर माझ्याकडे आला, म्हणाला उजवी मांडी मागून ओढल्यासारखी वाटते. गवतावरच पालथा झोपवला, गुडघा थोडा वाकवला, टाचेवर हात ठेवून म्हटलं, ओढ. डावा पाय माझ्या हाताला दाद देईना. उजव्याने ओढताना त्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. तेवढंच. मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. मी म्हटलं, पाच मिनिटं बस, मग बघू. पाच मिनिटांनी आम्ही चार गुणांनी मागे होतो. कोचने बाकाकडे पाहिलं, मी होकाराची मान हलवली. दोन मिनिटांत तो बाउंड्रीलगत चेंडूमागे सुटला, आणि सुटलेला असतानाच त्याचा हात मागे मांडीवर गेला. तो हात गेला की फिजिओला पुढचं बघायची गरज नसते. पहिले सात सामने त्याचे कुबड्या, मग सायकल, मग हळूहळू पळणं यात गेले. कप मात्र आम्ही जिंकलो. तो अजून बारमध्ये फ्रिजवर आहे, क्विझ नाइटच्या ढालीशेजारी.

चूक माझी होती, हे कबूल. पण तोच सामना साधा सराव सामना असता तर कोचने बाकाकडे पाहिलंच नसतं. कप ठेवला की शहाणी माणसंही मार्चमध्ये सप्टेंबरासारखी वागतात.

मग काय करावं? तुमचे क्लब सहा आहेत हे वाचून मला बरं वाटलं. सहाची बाद फेरी तशीही बसत नाही, दोघांना फुकट पुढे चाल द्यावी लागते. पण सहाचे तीन-तीनचे दोन गट छान होतात. एएफएलनेही अखेरीस हेच केलं. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आल्यावर संघ सतरा झाले, आणि पहिल्या फेरीत तीन-तीन संघ एका मैदानावर, एकाच संध्याकाळी, वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफचे छोटे सामने प्रत्येकाशी खेळू लागले. त्यात हरणाऱ्यालाही जिंकणाऱ्याइतकाच खेळ मिळतो. २०१३ मध्ये ब्रिस्बेनने कार्लटनला हरवून शेवटचा कप नेला आणि २०१४ पासून विजेता ठरवणंच बंद झालं. आता प्रत्येक क्लब हंगामाआधी ठरलेले मोजके सामने खेळतो आणि घरी जातो. त्या कपासाठी कोणी हळहळताना मी तरी पाहिलेलं नाही.

तीनच्या गटात एक गोम आहे, ती आधीच सांगतो. क्रम कसाही लावा, दोन संघांना लागोपाठ दोन सामने खेळावेच लागतात. पहिला सामना अ आणि ब यांचा झाला, की दुसऱ्यात क आणि त्यातला एक येणार, आणि तिसऱ्यात पुन्हा क. विश्रांती एकालाच. यावर उपाय दोन. दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याआधी निदान वीस मिनिटांचा खंड ठेवा. आणि बदली खेळाडूंवर मर्यादा अजिबात नको: मैदानावर सोळा, बाकावर जेवढे येतील तेवढे. ज्याचा पहिलाच हंगाम आहे त्याला एका संध्याकाळी दोन हाफपेक्षा जास्त खेळवू नका, मग तो कितीही "मी ठीक आहे" म्हणो. एकोणीस वर्षांचा मुलगा नेहमीच ठीक असतो.

दोन्ही गटांचे विजेते दोन आठवड्यांनी खेळवून कप द्यायचा असेल तर द्या. मी अडवणार नाही. पण त्याच दिवशी, त्याच मैदानावर बाकीच्या चौघांचेही सामने ठेवा, म्हणजे कप मिळो न मिळो, खेळ सगळ्यांना सारखा.

आता तीन आकडे. फुटीचा नेहमीचा स्कोअर १२.८ (८०) असा लिहितात: बारा गोल प्रत्येकी सहाचे, आठ बिहाइंड, म्हणजे गोलच्या खांबांच्या बाजूने गेलेले चेंडू, प्रत्येकी एकाचे. २००३ पासून या कपात गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानीच्या, म्हणजे आर्कच्या, बाहेरून मारलेला गोल नऊ गुणांचा झाला, तो सुपरगोल. त्याचा आकडा सगळ्यात आधी लिहीत. म्हणजे १.१०.८ दिसलं तर नऊ अधिक साठ अधिक आठ, सत्त्याहत्तर. मुख्य हंगामात हा नियम कधीच आला नाही. पण हा कप नियमांची प्रयोगशाळा म्हणून खरंच कामाचा होता. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे मुख्य हंगामाच्या अंतिम सामन्यात, हॉथॉर्नच्या बचावपटूंनी अडचणीत आल्यावर चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपलीकडे ढकलून अकरा वेळा एकेक गुण देऊन सुटका करून घेतली. जिलाँग त्यात हरलं. मुद्दाम असं करणाऱ्याविरुद्ध फ्री किक द्यायची, हे २००९ च्या प्री-सीझनमध्ये आजमावलं आणि त्याच हंगामापासून नियम झाला. मला विचाराल तर अख्ख्या कपाने मागे ठेवलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हीच.

सुपरगोल तुम्ही घेऊ नका. मार्चमध्ये पोरांना पन्नास मीटरवरून नऊ गुणांचं आमिष दाखवलंत की जो तो सगळा जोर काढून लांब किक मारत सुटतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू आणि जांघ यांची वाट लागते. जांघेचं दुखणं या खेळात एकदा मुरलं की महिनोन् महिने पाठ सोडत नाही. शिवाय पाय आर्कच्या आत होता की बाहेर हे ठरवणार कोण? तुमचा गोल अंपायर म्हणजे कोणातरी खेळाडूचे वडील असणार, आणि मार्चमध्ये आर्क रंगवलेलाही नसतो.

हे सगळं काही बाबतींत परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या सीनियर संघात सत्तर टक्के जुने, डिसेंबरपासून नियमित येणारे लोक असतील तर थोडी जास्त जोखीम चालेल. गेल्या वर्षी रिझर्व्हला, म्हणजे दुसऱ्या संघाला, अठरा माणसं जमवताना नाकी नऊ आले असतील, तर दोन जखमी होणंही परवडणार नाही, आणि तेव्हा कपाचं नावच काढू नका. उलट क्लबला प्रायोजक हवा असेल, बारचा गल्ला भरायचा असेल, तर फायनलची रात्र खरंच गर्दी खेचते. तो विचार चुकीचा नाही. फक्त तो खजिनदाराचा आहे, कोचचा नाही, एवढं कमिटीच्या बैठकीत उघड बोला. उन्हाचंही बघा. पस्तीसच्या वर पारा असेल तर सामना संध्याकाळी सातला, आणि पाण्याची सोय बाउंड्रीच्या दोन्ही बाजूंना.

आणि तारीख जाहीर करण्याआधी दोन फोन करा. पहिला कौन्सिलला: तुमच्या मैदानावर गोलपोस्ट हंगामापुरते उभे करतात का, आणि कधी करतात ते विचारा. आम्ही एका वर्षी सगळं ठरवून बसलो आणि मैदानावर गेलो तर चार खड्डे होते. दुसरा फोन क्रिकेट क्लबला. मार्चमध्ये त्यांच्या फायनल्स असतात, मैदानाच्या मधोमध त्यांची खेळपट्टी असते, आणि तिच्यावर फुटीच्या स्टडवाल्या बुटांनी बत्तीस माणसं धावली तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ते तुमच्याशी बोलणार नाहीत. त्यांच्या संघात आपले दोन-तीन लोक हमखास असतील. त्यांच्याकरवी विचारलंत तर लवकर काम होईल.